खिडकीजवळचं टेबल

आधार कार्डावर सोनूबाईंचा जन्म एक जानेवारीचा आहे. खरं तर त्या पोळ्याच्या आसपासच्या. पिंपळगाव रेणुकाईला, मिरचीच्या वावरातून आई घरी परतली आणि त्याच संध्याकाळी सोनूबाई जन्मल्या, एवढंच त्यांना ठाऊक. कार्ड काढायला गेल्या तेव्हा केंद्रावरच्या माणसानं तारीख विचारली. त्या म्हणाल्या, "पोळ्याच्या मागंपुढं." तो एक जानेवारी टाकून मोकळा झाला. सोनूबाईंनी तिथल्या तिथं त्याला विचारलं होतं, "का रे, तुमच्याकडं पोळा थंडीत असतो का?" पण यंत्रात एकदा पडलेली तारीख काही बाहेर आली नाही. यंदाच्या एक जानेवारीला त्या हिशेबानं त्यांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत होती.

सोनूबाई जालना जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या. म्हणजे लग्न होऊन टेंभुर्णीत आल्या, पण आता गावात कुणाला आठवतही नाही की त्या बाहेरून आल्या होत्या. अंगानं किडकिडीत, आवाज मात्र शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर पोचेल असा. नवरा पुंजाराम अबोल माणूस. घरातलं बोलायचं सगळं काम त्यानं बायकोकडे सोपवलं होतं आणि त्याला त्याचा कधी पस्तावा झाला नाही. तो गेला त्याला बरीच वर्षं झाली. त्याच्या हयातीतच दोघांनी मिळून माळ घातली होती, तेव्हापासून मांस-मच्छी सोडाच, अंडं ठेवलेल्या भांड्याला सोनूबाईंनी हात लावलेला नाही.

त्यांचा गावात जो दरारा होता तो पंगतीपासूनचा. त्या काळी सप्ताहाच्या काल्याला आधी पुरुषांच्या पंगती उठत, मग पाहुण्यांच्या, मग पोरासोरांच्या, आणि ऊन कलल्यावर बायकांच्या. एका वर्षी त्यांचा मुलगा भागवत अंगावर पिणारा होता. सोनूबाई सकाळपासून पोळ्या लाटत होत्या. त्यांच्या पत्रावळीवर आलं ते वरणाच्या तळाचं पाणी आणि बुंदीचा चुरा. त्या वर्षी त्या काही बोलल्या नाहीत. पुढल्या वर्षी पहिल्या पंगतीचा पुकारा झाला तशा त्या उठल्या, शेजारपाजारच्या चार बायका सोबत घेतल्या आणि पुरुषांच्या ओळीत पत्रावळी मांडून बसल्या. वाढपी थबकले. गावचे रामराव पाटील पुढे आले.

"सोनूबाई, माणसं खोळंबलीत."

"मंग आम्ही कोण हाये, पाटील?"

रामरावांनी वाढप्यांना खूण केली. त्या वर्षापासून टेंभुर्णीत बायकांची पंगत पुरुषांच्या बरोबरीनं, देवळाच्या दुसऱ्या अंगाला बसू लागली. नव्या सुनांना वाटतं हे असंच चालत आलंय.

अशा बाईचा मुलगा भागवत मात्र बापावर गेला. जालन्यात एका बियाणे कंपनीच्या गोदामात तो सुपरवायझर होता. पन्नाशीला आला तरी साहेबासमोर उभं राहताना शर्टाचं वरचं बटण लावायचा. बायको सुरेखा शिवणाचे क्लास घ्यायची, मुलगी अर्पिता कॉलेजात शिकत होती. अर्पितानंच ठरवलं की आजीची पंच्याहत्तरी दणक्यात करायची, आणि ती घरी नाही, संभाजीनगर रोडवर नवं मोठं हॉटेल झालंय तिथं. पाय बुडेल असा गालिचा, कारंजं, दारात टोपीवाला माणूस.

"कशाला एवढा खर्चा?" जालन्याला लेकाकडे आलेल्या सोनूबाई म्हणाल्या.

"आजी, जन्मभर तू लोकांना वाढलंस. एक दिवस तुला कुणी वाढू दे की."

हे वाक्य सोनूबाईंना आवडलं. तसं त्यांनी दाखवलं नाही, पण गावातल्या शेजारच्या तिघी-चौघींना फोन करून सांगितलं.

भागवतनं खिडकीजवळचं टेबल फोन करून राखून ठेवलं. केकही तिथूनच सांगितला, आणि बजावून सांगितलं की आई माळकरी आहे, केक बिनअंड्याचा पाहिजे. फोन ठेवल्यावर विश्वास वाटेना म्हणून संध्याकाळी पुन्हा फोन केला. एक तारखेला सकाळी अर्पिता स्वतः जाऊन टेबल सजवून आली. खिडकीच्या चौकटीला झेंडूची माळ लावली. टेबलाच्या मध्यभागी आजीचा फोटो ठेवला, पुंजारामसोबत जत्रेत काढलेल्या जुन्या फोटोवरून मोठा करून घेतलेला.

दुपारी सगळे पोचले. सोनूबाईंनी जांभळ्या काठाचं नवं लुगडं नेसलं होतं. टोपीवाल्यानं त्यांच्या पुढच्या कुटुंबासाठी दार उघडून धरलं, लवून नमस्कार केला आणि यांची पाळी येताच दार सोडून दिलं. ते जड काचेचं दार सुरेखानं खांद्यानं अडवलं म्हणून सोनूबाईंच्या कपाळावर बसलं नाही.

आत कोटातल्या मॅनेजरनं "दोन मिनिटं हं" म्हणून त्यांना उभं केलं. बसायच्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांच्या मागून आलेले लोक हसत हसत आत जात होते. सोनूबाई एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर घेत राहिल्या. पाऊण तास होत आला तेव्हा मॅनेजर आला आणि त्यांना घेऊन चालू लागला, खिडकीकडे नाही तर उलट्या बाजूला. स्वयंपाकघराचं ढकलायचं दार आणि हात धुवायची जागा यांच्या मधल्या बोळात एक टेबल होतं. दार उघडलं की सोनूबाईंच्या खुर्चीला धक्का बसायचा.

"आमचं टेबल खिडकीजवळचं होतं," अर्पिता म्हणाली. "मी सकाळी सजवून गेले."

"मॅडम, ते व्हीआयपी बुकिंगला द्यावं लागलं. आज एक तारीख आहे, समजून घ्या."

भागवतनं मान उंचावून खिडकीकडे पाहिलं आणि त्याचा चेहराच उतरला. तिथं त्याच्या कंपनीचे मालक शौनकसर बसले होते, तिशीतले, सोबत बाहेरगावचे पाहुणे. भागवत आपसूक उठला. टेबलांमधून वाट काढत गेला, शौनकसरांसमोर हात जोडले. सरांनी बोलणं न थांबवता दोन बोटं वर केली. भागवत परत आला.

सोनूबाई बघत होत्या. पन्नास वर्षांचा त्यांचा लेक स्वतःच्या टेबलापाशी जाऊन दुसऱ्याला हात जोडून आला होता.

"भागवत, त्या खिडकीला ती माळ कुणाची?"

"आपलीच, आई."

"मंग आपली माळ तिथं, आन आपण इथं?"

"आई, साहेब आहेत ते. जाऊ दे. जेवण काय, इथंही तेच येणार."

पण जेवण तरी कुठं येत होतं? पाणीही येईना. वेटर तीनदा अंगावरून गेला आणि तिन्ही वेळा म्हणाला, "बस, आया." चौथ्यांदा आला तो मेनू घेऊन, आणि फक्त अर्पिताशी इंग्रजीत बोलू लागला. सोनूबाईंनी मराठीत विचारलं की भाकरी आहे का, तर त्यानं त्यांच्याकडे न बघता अर्पिताला विचारलं, "आजी को क्या चाहिए?" जणू सोनूबाई आपल्या तोंडानं बोलूच शकत नव्हत्या.

त्या हात धुवायला उठल्या. बेसिनच्या बाजूला फळीवर फरशी पुसायची फडकी ठेवलेली होती, आणि त्या फडक्यांवर, ओल्या बाजूला तोंड करून, एक चौकट पालथी पडली होती. सोनूबाईंनी ती उलटवली. त्या स्वतःच होत्या. काचेवरून फिनेलचं पाणी ओघळत होतं, डावा कोपरा आतून भिजला होता.

त्यांनी पदरानं काच पुसली. फोटो घेऊन टेबलाशी आल्या आणि तो आपल्यासमोर उभा केला.

"कुठं होता?" अर्पितानं विचारलं.

"फडक्यात."

भागवत नॅपकिनची घडी घालत राहिला.

मग केक आला. मागितलेलं जेवण यायच्या आधीच आला, कारण कुणाला तरी तो उरकून टाकायचा होता. दोन वेटरनी कंटाळल्यासारख्या टाळ्या वाजवल्या. केकवर गुलाबी अक्षरांत लिहिलं होतं, "हॅपी बर्थडे सोनू बेबी". बाईची बेबी झाली होती. अर्पिताला क्षणभर हसूच आलं. सोनूबाईंनी मेणबत्ती फुंकली नाही. पेटता दिवा तोंडानं विझवायचा नसतो म्हणून चिमटीत वात दाबून विझवली. सुरेखानं त्यांच्या तोंडात घास भरवला. बरा लागला. त्यांनी दुसराही घेतला.

सुरेखा केक कापता कापता थांबली. तिला कसला तरी वास आला असावा. तिनं वेटरला विचारलं, "हा बिनअंड्याचाच आहे ना?"

वेटर आत गेला. मॅनेजरला घेऊन आला.

"मॅडम, हा रेग्युलर आहे. एगलेस असं तुम्ही सांगितलेलं नाही."

"मी सांगितल्तं," भागवत म्हणाला. "दोनदा सांगितल्तं."

"नाही सर. सांगितलं असतं तर आम्ही केलंच असतं ना. तुमचा काहीतरी गैरसमज होतोय." मग तो सोनूबाईंकडे वळून, लहान मुलाला समजवावं तसा गोड आवाज काढून म्हणाला, "आजी, एवढं काही नसतं. भट्टीत भाजल्यावर अंड्याचं काही राहत नाही."

सोनूबाईंचा हात गळ्यातल्या माळेकडे गेला. जन्माचा नेम गेला, आणि ज्याच्यामुळे गेला तो त्यांना सांगत होता की काही गेलंच नाही. वर त्यांच्या लेकाला खोटं ठरवत होता.

"भागवत, हा तुला खोटारडा म्हणून राह्यला."

भागवतनं खिडकीकडे नजर टाकली. "आई, हळू. शौनकसर बघून राह्यले. आपण जाऊ घरी. मी मागून बोलतो यांच्याशी."

सोनूबाई उठल्या. सगळ्यांना वाटलं त्या दाराकडे निघाल्या, आणि अर्पितानं पर्सही उचलली. पण सोनूबाईंनी केक पुठ्ठ्यासकट उचलला, भरल्या हॉलमधून चालत गेल्या आणि दारासमोरच्या, पाहुण्यांनी वाट बघायच्या कोचावर बरोबर मधोमध जाऊन बसल्या. केक मांडीवर घेतला.

पहिलं जोडपं आत आलं. सोनूबाई मोठ्यानं म्हणाल्या, "पोरी, तुमच्यात कुणी माळकरी हाये का? उपासाचं, नेमाचं? मंग इथं बघून खा. हे लोक सांगितलं तरी अंडं घालतात आन नंतर म्हणतात, काही राहत न्हाई."

जोडपं थबकलं. त्यांच्यामागून कपाळाला अष्टगंध लावलेले एक वयस्कर गृहस्थ, त्यांची बायको, सुना, नातवंडं असा गोतावळा आला. त्यांना तर सोनूबाईंनी केकच दाखवला. गृहस्थ मॅनेजरकडे वळले. "का हो, खरं आहे का हे?"

मॅनेजर धावत आला. "आजी, इथं बसू नका. गेस्टना त्रास होतो."

"मी कोण हाये मंग? गेस्ट न्हाई का?"

"तुम्ही आत चला, आपण शांतपणे बोलू."

"आत त्या मोरीपाशी? बिलकुल न्हाई. तुझ्या मालकाला बोलव. आन जल्दी बोलव, मी इथून हलत नसते."

अर्पिता त्यांच्या एका बाजूला येऊन बसली. मग, आयुष्यात चारचौघांत कधी आवाज न चढवलेली सुरेखा दुसऱ्या बाजूला बसली आणि तिनं मांडीवर तो भिजलेला फोटो ठेवला. भागवत खांबाशी उभा होता, ना इकडे ना तिकडे. सोनूबाईंनी त्याला हाक मारली नाही. मॅनेजरवरच्या रागापेक्षा मोठा राग त्या क्षणी त्यांना लेकाचा आला होता, आणि तो त्यांना चारचौघांत काढायचा नव्हता.

मालक आले. राजानंदशेठ. पांढरा सदरा, हातात दोन मोबाईल. त्यांनी आधी हात जोडले, मग सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाले, "आजी, चूक झाली. आजचं तुमचं सगळं जेवण आमच्याकडून."

"फुकटचं खायला आलो न्हाई आम्ही." सोनूबाईंचा आवाज आता हळू होता, पण हॉलमधल्या चमच्यांचे आवाज थांबले होते. "माझा नेम मोडला तो तुम्ही जोडून देऊ शकत न्हाई. पण तुमच्या या माणसानं माझ्या लेकाला खोटं पाडलं. भागवतनं फोनवर सांगितल्तं का न्हाई, हे याच्या तोंडून मला ऐकायचंय."

"आजी, असा काही फोन..." मॅनेजर सुरू झाला.

"आला होता." काउंटरमागे बसलेली बाई उठून उभी राहिली. छातीवर निवेदिता नावाची पट्टी. "दोन्ही फोन मीच घेतले. दोन्ही वेळा एगलेस सांगितलं त्यांनी. मी आत कळवलं होतं. टेबलाचं विचाराल तर तेही त्यांचंच होतं."

मॅनेजरनं तिच्याकडे जळजळीत पाहिलं. सोनूबाईंच्या नजरेतून ते सुटलं नाही. "शेठ, या बाईला यासाठी कुणी बोललं तर मी पुन्हा येऊन याच कोचावर बसेन, ध्यानात ठेवा."

नेमकं तेव्हाच शौनकसर पाहुण्यांना घेऊन बाहेर पडत होते. भागवतला पाहून थांबले. "काय झालं, भागवत? काही प्रॉब्लेम?"

भागवत खांबापासून पुढे आला. गळ्याशी हात नेऊन त्यानं शर्टाचं वरचं बटण चाचपलं. सुरेखा त्याच्याकडे बघत होती.

"सर, तुम्ही बसल्ते ते टेबल आमचं होतं," तो म्हणाला. "माझ्या आईची पंच्याहत्तरी होती. खिडकीला माळ आम्ही लावल्ती. टेबलावर तिचा फोटो होता, तो उचलून यांनी फरशीच्या फडक्यावर टाकला."

शौनकसर गडबडले. "अरे, मला काय माहीत? मला सांगायचं ना तेव्हाच."

"माळ दिसत होती ना, सर." भागवतनं खिडकीकडे बोट दाखवलं. "कुणाची तरी असेलच की ती. तुम्ही विचारलं न्हाई."

"सॉरी, आजी," असं घाईनं म्हणत शौनकसर पाहुण्यांना घेऊन निघून गेले. सोनूबाईंनी त्यांच्या सॉरीकडे लक्षच दिलं नाही. त्या लेकाकडे बघत होत्या.

राजानंदशेठनी मॅनेजरला पुढे केलं. त्यानं खाली बघत, तोंडातल्या तोंडात, भागवतला सांगितलं की हो, फोन आला होता. "मोठ्यानं," सोनूबाई म्हणाल्या. त्यानं मोठ्यानं सांगितलं. माफी मागितली तीही पाठ केल्यासारखी, "असुविधेसाठी क्षमस्व" अशी. सोनूबाईंना ती पटली नाही. पण पाठ केलेल्या शब्दांत जीव घालायचा कसा, हे त्यांनाही सांगता येईना.

खिडकीजवळचं टेबल पुसून मांडलं गेलं. भागवत म्हणाला, "आई, आता घरी जाऊ. तुझं तर जेवणच न्हाई." नेम मोडल्यामुळे दुसऱ्या दिवशी अंघोळ करून, देवळात जाऊन येईपर्यंत त्या अन्नाला शिवणार नव्हत्या.

"उठून गेलो तर यांचंच फावतं. तुम्ही बसा. जेवा. मी बघते."

तिघं जेवली. सोनूबाई नुसतं पाणी पीत टेबलाच्या टोकाशी बसून राहिल्या, समोर भिजलेला फोटो. वेटर आला की त्या मराठीत सांगायच्या, आणि आता तो त्यांच्याकडे बघून ऐकायचा. "तिला आमटी वाढ. गरम आण." जेवण कसं होतं ते पुढे तिघांनाही नीट सांगता आलं नाही. कुणी चवीनं जेवलंच नव्हतं. बिल भागवतनं पूर्ण दिलं, शेठ नको नको म्हणत असताना.

घरी जाताना रिक्षात सोनूबाईंना आपण जिंकलो असं वाटत नव्हतं. पोटात केक होता, आणि तो तिथं असेपर्यंत काहीच बरोबर झालं नव्हतं. एवढ्या मोठ्या जागेत, एवढ्या कोटातल्या माणसांत, एका बाईचं साधं म्हणणं ऐकायला तिला दारात ठिय्या द्यावा लागतो, हे त्यांना राहून राहून टोचत होतं. जी दारात बसू शकत नाही तिनं काय करायचं?

भागवतला दुसऱ्या दिवशी कामावर जायची धास्ती होती. शौनकसर समोरून आले, क्षणभर थांबले आणि "आई बऱ्या आहेत ना?" एवढं विचारून पुढे गेले. त्यात राग होता की ओशाळेपण, भागवतला कळलं नाही. पण तो म्हणाला, "न्हाई सर, अजून रागात आहे," आणि आपण हे बोलून गेलो याचं त्यालाच नवल वाटलं.

अर्पितानं घडलेलं सगळं इंटरनेटवर, हॉटेलच्या पानावर लिहिलं. टेबल, फोटो, केक, आणि निवेदिताबाईंचा खरेपणाही. दोन दिवसांनी हॉटेलचं उत्तर आलं. सोनूबाई तेव्हा परत टेंभुर्णीला निघायच्या तयारीत होत्या. तूर काढायची होती. पिशवीत कपडे भरता भरता म्हणाल्या, "वाच."

अर्पितानं वाचलं. "प्रिय ग्राहक, आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल मनःपूर्वक आभार. आपला खास दिवस आमच्यासोबत साजरा केल्याचा आम्हाला आनंद आहे. लवकरच पुन्हा भेटू."

सोनूबाई थांबल्या. पिशवी खाली ठेवली.

"पुन्हा वाच."

अर्पितानं पुन्हा वाचलं.

"यात अंडं कुठं हाये?"

"नाहीये, आजी."

"मंग हे उत्तर कशाचं?" सोनूबाई पलंगावर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी पदर खोचला. "गाडी मागची पकडू. तू लिही. मी सांगते तसं लिही, आन एक शब्द मऊ करू नको."